पस्तीस मिनिटांची तबकडी

‘रॉक्स’ या शब्दाचा सरळ अर्थ खडक. अमेरिकेच्या रोजच्या बोलीत हिऱ्यांनाही ‘रॉक्स’ म्हणतात. १९७६च्या मे महिन्यात एरोस्मिथ या बॉस्टनच्या बँडने आपल्या चौथ्या अल्बमला हे नाव दिलं आणि वेष्टनावर पाच हिरे छापले. वाजवणारे पाच, म्हणून हिरे पाच. स्टीव्हन टायलर गायक, जो पेरी आणि ब्रॅड व्हिटफर्ड गिटारवर, टॉम हॅमिल्टन बास गिटारवर आणि जोई क्रेमर ड्रम्सवर. गाणी नऊ, आणि सगळी मिळून पस्तीस मिनिटांच्या आतच संपणारी.

त्यानंतर काही वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून एका मुलीच्या घरी गेला. ती त्याच्याहून मोठी होती आणि तिने आपल्याला घरी बोलवावं म्हणून तो बरेच दिवस खटपट करत होता. तिने ‘रॉक्स’ लावला. मुलाने तो ऐकला, पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. आपण कोणाकडे कशासाठी आलो होतो याचं भान त्याला उरलं नाही, आणि शेवटी तो तसाच सायकलवर टांग टाकून घरी परतला. २००७मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग सांगितला आहे. मुलाचं नाव सॉल हडसन. ‘गन्स अँड रोझेस’चा गिटारवादक स्लॅश तो हाच.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा मुलगा संगीताला पारखा नव्हता. २३ जुलै १९६५ रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेडला तो जन्मला, सुरुवातीची वर्षं इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला वाढला आणि मग लॉस एंजेलिसला आला. आई ओला हडसन वेशभूषाकार. डेव्हिड बोवीचे कपडे तिने केले. वडील अँथनी हडसन चित्रकार. रेकॉर्डची वेष्टनं करायचे, त्यात जोनी मिचेलचंही काम होतं. म्हणजे त्या घरात संगीत पाणी भरत होतं. मोठमोठे गायक-वादक त्याने लहानपणापासून जवळून पाहिले होते. तरीही स्वतः वाद्य हातात घ्यावं असं त्याला तोवर तितक्या तीव्रतेने वाटलं नव्हतं. वेड होतं ते सायकलच्या कसरतींचं. मग याच तबकडीत असं काय होतं?

तिचा जन्म स्टुडिओच्या मऊ भिंतींमध्ये झाला नाही, हे उत्तराचं पहिलं टोक. बॉस्टनजवळच्या वॉल्थम गावात एरोस्मिथची एक वखारवजा जागा होती. बँड तिथे तालमी करायचा, सामान ठेवायचा. निर्माता जॅक डग्लस याने न्यूयॉर्कच्या ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओची ध्वनिमुद्रणाची गाडी तिथेच आणली. डग्लस हा त्याच स्टुडिओत तयार झालेला माणूस; जॉन लेननच्या ‘इमॅजिन’च्या कामात तो होता आणि पुढे १९८०चा ‘डबल फँटसी’ त्याने केला. एरोस्मिथसारखा बँड रंगमंचावर जसा वाजतो तसा कधी रेकॉर्डवर उतरत नाही, ही त्याची खंत होती. त्याने बँडला स्टुडिओत नेण्याऐवजी स्टुडिओच बँडच्या घरी आणला. उरलेली कामं न्यूयॉर्कला झाली, पण गाण्यांचा गाभा वॉल्थमच्या त्या मोठ्या खोलीतला आहे.

मोठ्या खोलीने काय फरक पडतो? ड्रमवर काठी पडली की आवाज थेट माइकमध्ये शिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ भिंतींवरून, छतावरून परतून आलेला आवाजही शिरतो. गालिचे लावलेल्या छोट्या स्टुडिओत हा दुसरा आवाज मरतो. वखारीत तो जिवंत राहतो, आणि ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की इथे पाच माणसं एका छपराखाली एकमेकांकडे बघत वाजवताहेत. ‘रॉक्स’मध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत ही जाणीव आहे.

तुलनेसाठी त्याच वर्षाचं, जवळजवळ त्याच गावचं उदाहरण देतो. वॉल्थमला लागून वॉटरटाउन आहे. तिथे टॉम शोल्झ नावाचा एमआयटीत शिकलेला, पोलरॉइड कंपनीत काम करणारा इंजिनिअर आपल्या घराच्या तळघरात गिटारीवर गिटार चढवत एकट्याने ध्वनिमुद्रण करत होता. १९७६च्या ऑगस्टमध्ये ‘बॉस्टन’ या नावाने तो अल्बम आला आणि प्रचंड खपला. त्याची कारागिरी अजोड आहे, एकही स्वर जागचा हललेला नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला तो ऐकून वाटेल की हे आपल्याच्याने होणार नाही. ‘रॉक्स’ ऐकून वाटतं की चार मित्र जमवावेत आणि लगेच वाजवायला बसावं. घासून गुळगुळीत केलेल्या वस्तूचं आपण कौतुक करतो. जिच्यावर हाताचे ठसे दिसतात तिच्याकडे आपला हात आपोआप जातो.

आता खुद्द आवाजाकडे येऊ. हार्ड रॉकच्या गिटारीची ती खरखर अनेकांना गोंगाट वाटते. तिच्यामागे साधं विज्ञान आहे. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा आवाज दिला की त्याला लहरींचे शेंडे झेपत नाहीत. ते छाटले जातात. शेंडा छाटलेल्या लहरीत मूळ स्वराखेरीज त्याचे अनेक उपस्वर भरून येतात आणि स्वर जाड, दाणेदार, लांब टिकणारा होतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात ती याच लोभाने. कृती वेगळी, पण हवं असतं तेच: स्वर सपाट न राहता त्याच्या पोटातले उपस्वर उजळून निघावेत. मिरजेच्या कारागिराला जवारीचं महत्त्व पटवावं लागत नाही. गिटारवाल्यालाही आपल्या खरखरीचं नेमकं माप जपावं लागतं. थोडी कमी झाली तर स्वर उघडा पडतो, थोडी जास्त झाली तर सगळा चिखल होतो.

याच कारणाने हार्ड रॉकमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी बऱ्याचदा दोनच स्वर वाजवतात, सा आणि प. मधला गंधार घेतला तर खरखरीत त्याचे उपस्वर बाकीच्यांशी भांडू लागतात. षड्ज-पंचमाचं नातं इतकं घट्ट आहे की कितीही धुरळा उडाला तरी ते ढळत नाही. आणि त्या पायावर एकट्याने जे वाजवायचं त्याचे स्वर पुष्कळदा पाचच असतात: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. आपल्याकडे हे धानी रागाचे स्वर. चाल पूर्ण निराळी, स्वर तेच. तार बोटाने बाजूला ओढून स्वर वर चढवण्याची गिटारवाल्यांची लकबही सतारीच्या मींडेची जवळची नातलग आहे.

गाण्याचा कणा असतो रिफ. दोन-चार मात्रांचा, पुन्हा पुन्हा येणारा गिटारीचा तुकडा. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटीवर लेहरा धरतात ना, रिफ हा तसाच टेकू. फरक इतका की लेहरा तबल्याच्या सेवेला असतो आणि रिफच्या सेवेला बाकी सगळं गाणं.

‘रॉक्स’चं पहिलं गाणं ‘बॅक इन द सॅडल’. त्याचा रिफ जो पेरीने साध्या गिटारवर वाजवलेला नाही. फेंडर कंपनीचं ‘बास सिक्स’ नावाचं एक वाद्य आहे: सहा तारांचं, गिटारसारखंच लावलेलं, पण पूर्ण एक सप्तक खाली. त्यामुळे हा रिफ जमिनीतून गुरगुरत वर आल्यासारखा वाटतो. गाणं काउबॉयचं, म्हणून टायलरने बुटांना डफल्या बांधून फळीवर पाय आपटले. चाबकाचा आवाज हवा होता. खरा चाबूक उडवून पाहिला, तो कोणालाच जमेना आणि अंगावर मात्र वळ उठले. अखेर गिटारची लांब वायर हवेत गरागरा फिरवून सुसाट आवाज घेतला आणि फटक्यासाठी टिकल्यांचं खेळण्यातलं पिस्तूल वाजवलं. माझ्या मते त्या दशकात याहून दमदार सुरुवात फार थोड्या तबकड्यांना लाभली.

दुसऱ्या गाण्यात, ‘लास्ट चाइल्ड’मध्ये, बँड एकदम फंककडे वळतो. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका आणि मधल्या जागांत गिटारीची तुटक तुटक बोलाचाली. हे गाणं ब्रॅड व्हिटफर्डच्या रिफवर उभं आहे आणि त्यातली एकलवादनाची जागाही त्याचीच. व्हिटफर्डबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्याला त्याच्या वाट्याचं श्रेय कधी मिळालं नाही. बहुतेक बँडमध्ये एक गिटारवाला पुढे असतो आणि दुसरा मागे भराव घालतो. पेरी-व्हिटफर्ड जोडीत असं ठरलेलं नाही. एक जण रिफ धरतो तेव्हा दुसरा त्यातल्या मोकळ्या जागा शोधतो. एक वर गेला की दुसरा खाली उतरतो. दोघे क्वचितच तंतोतंत तेच वाजवतात. मुरलेल्या गप्पांमध्ये जसं एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, तसं हे चालतं.

‘सिक अ‍ॅज अ डॉग’ हे टॉम हॅमिल्टनने टायलरच्या साथीने रचलेलं गाणं. त्यात हॅमिल्टनने बास सोडून गिटार घेतली, पेरीने बास वाजवला, आणि गाणं मध्ये विसावतं त्या वेळी पेरीने तो बास टायलरच्या हाती देऊन शेवटासाठी स्वतः गिटार उचलली. असले खेळ एका खोलीत एकत्र वाजवणाऱ्यांनाच सुचतात.

आणि ‘नोबडीज फॉल्ट’. इंग्रजीत ‘फॉल्ट’ म्हणजे दोष, आणि भूगर्भातल्या भेगेलाही तोच शब्द. गाण्याचा विषय भूकंप. टायलर आणि व्हिटफर्ड यांचं हे गाणं अल्बमचं शिखर आहे, असं मी कोणाशीही पैज लावून म्हणेन. इतकं जड, इतकं काळंकुट्ट वादन अमेरिकी रॉकमध्ये १९७६ साली दुर्मीळ होतं. १९८८मध्ये टेस्टामेंट या थ्रॅश मेटल बँडने ते आपल्या अल्बमवर वाजवलं तेव्हा त्यात फारसं काही बदलावं लागलं नाही. मेटल जिथे पोचणार होतं तिथे हे गाणं बारा वर्षं आधीच जाऊन बसलं होतं.

शेवटचं ‘होम टुनाइट’ मला कमकुवत वाटतं. पियानोवरचं हळवं गाणं. आधीच्या आठ गाण्यांनी उठवलेल्या धुळीनंतर ते निरोपापुरतं ठीक आहे.

अल्बम अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथे आजवर चाळीस लाखांच्या वर प्रती गेल्या. पण त्याची खरी मोजदाद पुढच्या पिढीत करावी लागते. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड एरोस्मिथचा भक्त. कर्ट कोबेनने आपल्या वहीत आवडत्या अल्बमांची यादी लिहून ठेवली होती. बहुतेक नावं पंक आणि आडवाटेच्या बँडची, आणि त्यांत ‘रॉक्स’ आहे. एकमेकांशी ज्यांचं संगीत जुळत नाही अशी ही माणसं एका तबकडीपाशी येऊन भेटतात.

हे लिहिताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ती गाणी होत असताना बँड अमली पदार्थांच्या पुरता आहारी गेलेला होता. ‘बॅक इन द सॅडल’चा रिफ सुचला तेव्हा आपण हेरॉइनच्या नशेत होतो, हे पेरीने स्वतः सांगितलं आहे. कोणी त्याचा संबंध प्रतिभेशी जोडू नये. नशेचं बिल पुढच्याच वर्षापासून यायला लागलं. १९७७चा ‘ड्रॉ द लाइन’ विस्कटलेला आहे. १९७९च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडच्या कार्यक्रमानंतर पेरी बँड सोडून गेला, १९८१मध्ये व्हिटफर्डही गेला. म्हणजे लॉस एंजेलिसचा तो मुलगा ज्या दोन गिटारींवर जीव टाकत होता, त्या ज्या काळात त्याच्या कानात घर करत होत्या, त्याच काळात प्रत्यक्षात एकमेकींपासून तुटत होत्या.

मुलाच्या हाती पहिल्यांदा आली ती आजीच्या घरातली जुनी गिटार, तिच्यावर तार एकच. त्याचा मित्र स्टीव्हन अ‍ॅडलर, जो पुढे त्याच्याच बँडचा ड्रमर झाला, घरी ‘किस’ या बँडची रेकॉर्ड लावून गिटार बडवायचा. तेव्हा आपण बास वाजवावा असा सॉलचा विचार होता. तो शिकायला गेला तर तिथल्या शिक्षकाने रोलिंग स्टोन्सचं एक गाणं गिटारवर वाजवून दाखवलं, आणि हवं ते हेच, हे त्याला तत्क्षणी कळलं. एका तारेवर तो बराच काळ घुटमळला. मग सायकल सुटली, शाळा जवळजवळ सुटली, आणि दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास गिटार. शिकण्याची रीत जुनीच: सुई उचलायची, मागे ठेवायची, तोच तुकडा पुन्हा ऐकायचा, बोटांनी शोधायचा. आपल्याकडे जुन्या गायकांच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून शिकलेल्यांना ही रीत समजावून सांगायला नको.

‘गन्स अँड रोझेस’ १९८५ साली जमला. डिसेंबर १९८६मध्ये त्यांची पहिली छोटी तबकडी निघाली, तिच्यावर एरोस्मिथच्या पहिल्या अल्बममधलं ‘मामा किन’ होतं. २१ जुलै १९८७ रोजी ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ आला. तो आणि ‘रॉक्स’ पाठोपाठ ऐकले तर स्लॅशने काय उचललं ते उमगतं. त्याने पेरीचे तुकडे उचलले नाहीत. स्लॅशचा हात पेरीपेक्षा जास्त गाता आहे, त्याच्या एकलवादनाला स्वतःची चाल असते. त्याने उचलली ती मांडणी. हेडफोन लावा: डाव्या कानात इझी स्ट्रॅडलिन, उजव्यात स्लॅश. स्ट्रॅडलिन तुटक, सैल, जागा सोडत वाजवतो. स्लॅश त्या जागांत भरीव आवाजाने शिरतो. दोघांनी एकच गोष्ट दोन वेळा सांगायची नाही, हा वॉल्थमच्या वखारीतला धडा आहे. कडांवरची धूळ झटकायची नाही, हा दुसरा. १९८७मध्ये लॉस एंजेलिसचे इतर बँड केस फुगवून चकचकीत आवाज काढत होते, तेव्हा हा धडा कोणाला आठवत नव्हता.

अल्बम उचलला जायला जवळपास वर्ष लागलं. दरम्यान पेरी आणि व्हिटफर्ड १९८४मध्ये एरोस्मिथमध्ये परतले होते, पाचही जण व्यसनातून बाहेर पडले होते. १९८८च्या उन्हाळ्यात एरोस्मिथच्या दौऱ्यावर आधी वाजवायला कोण होतं? गन्स अँड रोझेस. दौरा चालू असतानाच ऑगस्टमध्ये ‘अ‍ॅपेटाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

आपल्याकडे एरोस्मिथ २००७च्या जूनमध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. टायलरच्या स्वरयंत्राला झालेली इजा भरून न आल्याने २०२४च्या ऑगस्टमध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. स्लॅश मात्र १७ मे २०२५ रोजी गन्स अँड रोझेसबरोबर मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर उभा होता. तिथे हजर असलेल्या तरुणांना माझी विनंती आहे: ‘रॉक्स’ एकदा सलग ऐका, मध्ये थांबू नका, गाण्यांचा क्रम बदलू नका. स्लॅशच्या हाताचं मूळ तुम्हाला तिथे सापडेल.

आता एका गिटारची हकिकत. गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल गिटार मेपलच्या लाकडावर ऊन पडल्यासारख्या पिवळ्या-तांबूस रंगात काढल्या. तेव्हा त्यांना फारशी मागणी नव्हती आणि त्या थोड्याच बनल्या. नंतर गिटारवाल्यांनी त्यांना रत्नांचा मान दिला. जो पेरीकडे १९५९ची अशी एक होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो बँडबाहेर, पैशांच्या ओढाताणीत असताना ती विकली गेली. स्लॅशने ‘अ‍ॅपेटाइट’ वाजवला तो क्रिस डेरिग या कारागिराने हाताने घडवलेल्या, १९५९च्याच लेस पॉलच्या प्रतिकृतीवर. यश आल्यावर त्याच्याकडे अस्सल चालत आली, आणि ती नेमकी पेरीचीच होती. मधल्या काळात ती गिटारवादक एरिक जॉन्सनकडे होती. पेरीने एका मासिकात स्लॅशच्या हातातल्या गिटारचा फोटो पाहिला आणि लाकडाच्या रेषांवरून तिला ओळखलं. त्याने ती परत विकत मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. स्लॅशला ती सोडवेना. लहानपणी खोलीच्या भिंतीवर ज्या माणसाचं चित्र होतं त्याची गिटार कोण सोडेल? पुढे मैत्रीत ताण यायला लागला म्हणून पेरीने तो विषयच बंद केला.

सप्टेंबर २०००मध्ये जो पेरी पन्नास वर्षांचा झाला. वाढदिवसाला स्लॅशने ती गिटार त्याला देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत.